दोन शिक्क्यांमधली वायर

हयातचाचांनी बशीत चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. मनगटावर कंपरोधक पट्टा होता; हात थरथरायला लागला की तो नसेला विजेचे बारीक झटके द्यायचा आणि हात थांबायचा. कानात श्रवणयंत्र. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची, दोन्हींवर तपासणीचा शिक्का. चाचा एक चार्ज करायचे, दुसरं विसरायचे. म्हणून सहा महिन्यांपूर्वी यंत्रं बसवणाऱ्या वैजनाथनं त्यांच्या कमरेला एकच बॅटरी बांधून दोन्ही तिला जोडून दिली होती.

आज तो मिरजेला जोडणी बघायला आला आणि चाचांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यातली फळी बघून थबकला. एकच तंबोरा उरला होता.

"बाकीचे विकले, चाचा?"

"फोडले. अकरा." चाचांनी बशी खाली ठेवली. "तारांखालची घोडी कितीही घासली तरी जवारी बसेना, सूर भरून घुमेना. सुराच्या मागं एक गुणगुण. कान गेला माझा. उद्या पुतण्या हत्यारं न्यायला येतोय."

"गाणारे काय म्हणाले?"

"छान म्हणाले. म्हाताऱ्याच्या तोंडावर कोण वाईट बोलतंय?"

"आत्ता येतीय गुणगुण?"

"नाही. कानातलं यंत्र संगीताच्या सेटिंगवर ठेवलं की येते."

वैजनाथनं चाचांच्या कमरेच्या बॅटरीकडं पाहिलं. एरवी ते यंत्र असले एकसुरी आवाज गाळून टाकतं. संगीतावर ठेवलं की गाळत नाही.

त्यानं तंबोरा चाचांपुढं ठेवला. यंत्र संगीतावर. चाचांनी तार छेडली, तोंड वाकडं केलं. वैजनाथनं कानाकडं जाणारी वायर काढली, यंत्राला त्याची जुनी बॅटरी लावली.

"आता छेडा."

तार वाजली, वाजत राहिली, विझली. "गेली गुणगुण," चाचा म्हणाले.

"पट्ट्याचे झटके माझ्या वायरमधून तुमच्या कानात जात होते," वैजनाथ म्हणाला. "एकेकटी यंत्रं चांगलीच आहेत. पण जोडली की एकमेकांना त्रास देतात का, ते पुन्हा तपासायचं असतं. जोडणीच्या फॉर्मवर तसा रकाना होता, चाचा. मी 'लागू नाही' लिहिलं. म्हटलं, दोन्हींवर शिक्के आहेत की."

चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं. त्यातून फोडलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याची एक कवटी काढून मांडीवर घेतली. हात अगदी स्थिर होता.

"वैजू," ते म्हणाले, "मग हे अकरा सुरात होते का रे?"