गोड्या पाण्याची बादली

पहिल्याच भेटीत तो तिला पडताना नुसता बघत उभा राहिला, हे तिने त्याला पुढे कितीतरी दिवस ऐकवलं.

झालं असं, की ती वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून तरातरा जिना उतरली, वळली आणि व्हरांड्यातल्या ओल्या फरशीवर सपशेल घसरली. वह्या चहूकडे. समोर एक उंच तरुण, दोन हातांत दोन बादल्या घेऊन खांबासारखा उभा.

"लागलं का हो?" त्याने विचारलं.

"पाणी तुम्हीच सांडलंत ना? मग निदान हात तरी द्यायचा माणसाने."

"दिला असता... पण हातात समुद्र आहे."

असला आगाऊपणा तिने कधी ऐकला नव्हता. तिने उठून बादलीत डोकावलं, तर आत खाऱ्या पाण्यात जांभळट डागांचे दगड आणि एका दगडावरून घाईने पळणारा इवलासा खेकडा! तिचा राग तिथल्या तिथे विरघळला. पण तसं तोंडाने कोण कबूल करतं?

ती सहावीला विज्ञान शिकवायची. शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने तिच्या वर्गाला खाऱ्या पाण्याची मोठी टाकी भेट दिली होती. प्रवाळ, मासे, सगळं जिवंत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मुळातच नाराज होत्या. मागे वर्गात पाळलेलं कासव मेलं तेव्हा मुलं आठवडाभर रडली होती, ते त्या विसरल्या नव्हत्या. "एक जरी जीव दगावला, तर टाकी बाहेर आणि तिथे कपाट," असं त्यांनी बजावलं. हिने मान डोलावली आणि जबाबदारी अंगावर घेतली. टाकी बसवायला दुकानातून आला, तो हाच.

सहा आठवडे टाकीत नुसते दगड, पाणी आणि दगडांत दडलेला तो खेकडा. मुलं कंटाळून गेली.

"पाणी मुरावं लागतं," तो त्यांना सांगायचा. "घाई केली की जीव जातो."

मुलांनी त्याचं नाव मीठवाले काका ठेवलं.

"काका? एकतीस वर्षांचा आहे मी," तो तिच्याकडे वळून कुरकुरला.

"मुलांना कानामागचे पांढरे केस दिसत असतील."

"ते मीठ आहे."

ती हसली. तो बघतच राहिला... आणि नळी हातातून सुटून त्याच्याच बुटांत पाणी गेलं.

मग प्रवाळ आले, दोन नारिंगी मासे आले आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी आली. ती माशांच्या तोंडात शिरून दात साफ करते म्हटल्यावर पोरांनी तिला 'डेंटिस्ट' करून टाकलं. डेंटिस्ट सगळ्या वर्गाचा लाडका झाला.

मीठवाला दर गुरुवारी यायचा. दर गुरुवारी तिचा कुडता इस्त्रीचा असायचा. हे तिच्या लक्षात यायच्या आधी तिच्या आईच्या लक्षात आलं.

"आज गुरुवार वाटतं," आई म्हणायची. "त्याचं लग्न झालंय का, ते एकदा विचार की."

"आई, तो टाकीसाठी येतो."

"मग टाकीला विचार."

ती चिडायची, पण विचारायचं धाडस काही होईना. टाकी होती म्हणून गुरुवार होता. टाकी गेली, की तो कुठल्या निमित्ताने येणार?

आणि मग तो मंगळवार उजाडला.

ती नेहमीप्रमाणे मुलांच्या आधी वर्गात आली. प्रवाळ मुठी आवळल्यासारखे मिटून बसले होते. आणि काचेशी, वाळूवर, डेंटिस्ट आडवा पडला होता. हलत नव्हता. तिने जाळीने त्याला उचललं, तर हाताला वजनच लागेना. काही सुचेना, तेव्हा तिने खडूची पेटी रिकामी केली, त्यात त्याला ठेवलं, झाकण लावलं आणि फोन केला.

"डेंटिस्ट गेला," एवढंच तिला बोलता आलं.

वीस मिनिटांत तो दारात हजर, हेल्मेट डोक्यावर तसंच. त्याने आधी पाण्याचा थेंब यंत्रात घालून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"खारटपणा पस्तीस हवा, अडतीस झालाय. रोजची भर कुठल्या बादलीतून घातलीत?"

"निळ्या."

"निळीत खारं पाणी असतं. ते पाणी बदलायला. रोजची भर पांढरीतून, गोड्या पाण्याची. उडून जातं ते पाणी, मीठ आतच राहतं. गेल्या गुरुवारी या बादल्या ठेवताना मी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. अगदी नीट सांगितलं होतं. पण सांगताना त्याने बाह्या दुमडल्या होत्या आणि तिचं सगळं लक्ष त्याच्या मनगटांवर होतं. हे त्याला कसं सांगणार?

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मी मारलं त्याला. आता टाकी जाईल. मुलं रडतील. आणि..."

"आणि?"

"...काही नाही. पेटीत आहे तो."

त्याने झाकण उघडलं. डेंटिस्टला बोटावर घेऊन उजेडात धरलं. आणि हसायला लागला.

"हसताय काय?"

"बघा तरी. पाठीवर चीर आहे, आत कोणी नाही. कवच अंगाला घट्ट झालं, की ही मंडळी कात टाकतात. मेला नाही तो, कपडे बदललेत त्याने."

"मग तो कुठाय?"

त्याने तिला काचेजवळ बोलावलं. दोघांची डोकी एकमेकांना टेकली – म्हणजे तिचं डोकं आणि त्याचं हेल्मेट. खडकाखालच्या फटीत दोन लांब पांढऱ्या मिशा हलत होत्या.

"नवं कवच कडक होईपर्यंत लपून बसतो. दोन दिवसांनी येईल बाहेर."

तिने एवढा मोठा श्वास सोडला, की काचेवर वाफ धरली. ती पहिल्या बाकावर मटकन बसली आणि रडता रडता हसू लागली.

"काय चाललंय?" दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

ती उठून उभी राहिली. "चूक माझी आहे, बाई. मी चुकीच्या बादलीतलं पाणी घातलं. पाणी फार खारट झालंय."

"मेलं का काही?"

"नाही. प्रवाळही सावरतील," तो म्हणाला. "पण पाणी एकदम बदलून चालणार नाही. रोज थोडं खारं काढून तेवढं गोडं घालायचं. म्हणजे मला रोज यावं लागेल."

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "करारात महिन्यातून एकच फेरी लिहिली आहे. हे दर गुरुवारी कशाला येतात, हे मला दोन महिने कळत नव्हतं." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कपाट राहू दे तूर्तास," असं म्हणून त्या निघून गेल्या.

वर्गात पंपाची तेवढी बुडबुड.

"एकच फेरी?" तिने विचारलं.

त्याने हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. कान लाल झाले होते. "टाकीसाठी एकच. बाकीचे गुरुवार... माझे. सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं. तुम्ही रागावला असाल तर..."

"गोडं पाणी घालायला मलाही येतं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "हो. मग रोज यायची गरज नाही."

"गरज नाही म्हटलं. येऊ नका म्हटलं का?"

तो जो हसला, तो हसतच राहिला. जिन्यात मुलांच्या पावलांची धडधड सुरू झाली.

"रविवारी मात्र शाळा बंद असते," तो घाईने म्हणाला. "टाकीचं निमित्त नाही. नुसतंच यावं लागेल... तुमच्याकडे. येऊ?"

तिने खडूची पेटी त्याच्या हातातून घेतली. या वेळी त्याचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्यातल्या एकाने तिची बोटं अलगद धरून ठेवली.

"या," ती म्हणाली. "आणि आल्या आल्या आईला सांगा, तुमचं लग्न झालेलं नाही. मला विचारायचं राहूनच गेलंय."