मागच्या कार्बोरेटरवरची पांढरी रेघ

"तो घेऊ नका. तो गेलाय."

भंगाराच्या आवारात एका उताण्या पडलेल्या गिअरबॉक्सवर बसून मी कार्बोरेटरचा पिस्टन व्हर्नियर पट्टीने मोजत होते. आवाज मागून आला. वळून पाहिलं तर एक उंच मुलगा... बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की मी वांगी निवडतेय आणि हा मळ्याचा मालक आहे.

"न मोजता कसं कळलं?"

"ऐकून." त्याने माझ्या हातातून पिस्टन घेतला, कार्बोरेटरमधल्या त्याच्या जागी बसवला, बोटाने उचलला आणि सोडला. "ऐका. 'टक्' म्हणायला हवं. हा नुसता उसासा टाकतोय. कुठेतरी घासतो."

"म्हणजे तुम्ही कानाने निदान करता!"

"आणि तुम्ही पट्टीने. ज्याचं चुकेल त्याने चहा पाजायचा."

मी तीन दिशांनी मोजलं. तिसरं माप केसभर कमी भरलं. चहा मी पाजला. मग त्याने कानाने पास केलेला दुसरा पिस्टन माझ्या व्हर्नियरने नापास केला, तेव्हा चहा त्याने पाजला. तिसरा कप कशाबद्दल होता, ते दोघांनीही विचारलं नाही.

तो दिवसभर एका कचेरीत लिफ्टचे आराखडे काढायचा आणि सुट्टीत लोकांच्या घरी जाऊन जुन्या गाड्या जिवंत करायचा. मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होते. "रंग वाळताना बघायचं काम," मी म्हटलं.

"पगार देतात त्याचा?"

"वाळला नाही तर कापतात."

तो हसला. हसताना त्याच्या गालावरचा ग्रीसचा पट्टा वाकायचा. हे निरीक्षण मी उगाचच दोनदा करून पाहिलं.

गाडी बाबांची. दोन सीटची, उघड्या छपराची, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. इतकी बुटकी, की बसल्यावर दारातून हात खाली सोडला तर रस्त्याला टेकेल. बाबांनी तरुणपणी ती सांगाड्याच्या रूपात आणली आणि घरीच उभी केली. तिला दोन कार्बोरेटर आहेत, एक पुढचा, एक मागचा. दोघांनी सारखा श्वास घेतला तरच इंजिन गातं, नाहीतर खोकतं. बाबा रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा श्वास जुळवायचे. मग बाबांचा एक कान गेला. पाठोपाठ दुसरा. मशीन लावलं तर त्यांना भांड्यांचा आवाज ऐकू येई, माणसांचा नाही. त्यांनी गाडीवर चादर घातली ती घातलीच. आई नव्हती, घरात आम्ही दोघंच. त्या चादरीखाली नक्की काय झाकलंय, ते मला दिसत होतं. बाबांना त्या गाडीत पुन्हा एकदा बसवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

मी त्याला घरी बोलावलं. पहिल्याच रविवारी तो नळी कानाला लावून इंजिनावर वाकलेला बघून बाबा ओरडले, (ते आता ओरडूनच बोलायचे) "अरे, हा तर वैद्यबुवा! नाडी लागते का रे?"

"मंद आहे, काका. पथ्य पाळावं लागेल."

बाबांना शब्द कळले नाहीत, पण ते खूश झाले. तो वैद्यबुवा झाला. मी मोजपट्टी झाले, कारण मी प्रत्येक नटावर पाना लावून झाला की नटापासून बोल्टपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं.

"मोजपट्टी, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. नटांवर नाही."

भांडणं मजेदार व्हायची. त्याला गाडीत थोडे बदल करायचे होते, बाबांना मूळ गाडीचा एक स्क्रूही बदललेला खपत नव्हता. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बाबांपुढे धरायचा. 'काका, मूळ गाडीत तुमच्या मुलीचा पाय क्लचपर्यंत पोचत नाही.'

"तिने कशाला चालवायची?"

त्याने लिहिलं. 'मग कोण चालवणार?'

बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. पुढच्या आठवड्यात त्याने सीटखाली नवे रूळ बसवले आणि पेडलवर लाकडाचे ठोकळे. मी बसले. पाय बरोबर पोचला, ना बोटभर जास्त ना कमी.

"माप कधी घेतलंत?"

"गिअरबॉक्सवर बसला होतात तेव्हा." आणि तो घाईघाईने गाडीखाली सरकला.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू उघडायचा. दोघांची लय जुळायला हवी. खालून त्याचा आवाज यायचा, "दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा... अगं धर, धर, सोडू नकोस!"

मी धरून ठेवलं. खाली पाना फरशीवर पडला.

"'सोडू नका' म्हणायचं होतं," गाडीखालून आवाज आला.

"म्हटलंस ते राहू दे," मी वरून म्हटलं.

बाहेर बारीक पाऊस होता, पत्र्यावर नखं वाजवल्यासारखा. त्या दिवशी ब्रेकचं काम सगळ्यात हळू झालं.

मग इंजिन. प्रत्येक कार्बोरेटरच्या बुडाशी एक छोटा नट असतो. तो फिरवला की पेट्रोल कमीजास्त होतं. स्प्रिंगने धरलेला असतो, आपोआप फिरत नाही. हाताने चाचपून फिरवायचा, दिसत नाही. मी मात्र दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा खाली धरून, तो हात धुवायला गेला असताना, तिथेही रेघ ओढली होती. सवय.

संध्याकाळी गाडी गायली. पुढच्या रविवारी सुरू केली तर खोकली. प्लगवर काजळी. त्याने पुन्हा जुळवली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याने कार्बोरेटरच्या सुया बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, सगळे सांधे उघडून बंद केले. संध्याकाळी गायची, रविवारी खोकायची.

आणि दर वेळी, तो यायच्या आधी मी आरशात बघायची तर मागच्या कार्बोरेटरवरची रेघ तुटलेली असायची. फिरवलेला नट! आणि निघताना बॉनेट बंद कोण करायचं? तोच.

मला इतका आनंद झाला, की मी बेसिनमध्ये तोंड घालून हसले. दर रविवारी यायला मिळावं म्हणून हा स्वतःच जुळवलेली गाडी स्वतःच बिघडवून जातो! माझ्या हाताखालच्या कुणी असा निष्कर्ष आणला असता तर मी विचारलं असतं, तो गेल्यावर लगेच रेघ पाहिलीस का? दुसरं कोण हात लावू शकतं ते तपासलंस का? पण निष्कर्ष आवडला की माणूस पडताळणी करत नाही. मीही केली नाही. नवी रेघ ओढायची आणि वाट बघायची.

तो मात्र उतरत चालला होता. बोलणं कमी झालं, विनोद आटले. एका रविवारी चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "एका वर्कशॉपने बोलावलंय. फार लांब. विमानानं जावं लागेल इतकं. फक्त अशाच गाड्या, आणि त्यांना इंजिनं जुळवणारा हवाय."

माझा कप मी खाली ठेवला. "मग?"

"'नाही' सांगणार आहे. उद्याच."

मी कप परत उचलला. "का?" मी लाडात विचारलं. उत्तर मला माहीतच होतं ना!

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्याच्या हाताखाली एक गाडी आठवडाभर टिकत नाही, त्याने तिकडे जाऊन काय करायचं? लहानपणापासून मला एवढं एकच येतंय असं वाटत होतं. तेही..."

आता गंमत फोडायची वेळ आली, असं मला वाटलं. मी आरसा काढला. "पुरे झालं नाटक, वैद्यबुवा. ये इकडे. बघ."

त्याने आरशात पाहिलं. तुटलेली रेघ. त्याला अर्थ कळायला क्षणभर लागला.

"ही तू कधी ओढलीस?"

"दर रविवारी. आणि दर रविवारी तू फिरवून जातोस." मी हसत होते. "'मला यायचंय' एवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. त्या बिचाऱ्या नटाला कशाला..."

"मी?" तो म्हणाला. "मी नाही."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की माझं हसू जागीच वाळलं. आम्ही दोघांनीही एकाच वेळी दाराकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते, हातात बिस्किटांची बशी. आरसा कुठे धरलाय ते त्यांनी पाहिलं आणि बशी हळूच खाली ठेवली.

"बाबा?"

त्यांना ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

"अर्धाच फेरा द्यायचो," ते म्हणाले. कान गेल्यापासून पहिल्यांदाच हळू बोलायचा प्रयत्न केला त्यांनी, तरी ते अंगणापर्यंत गेलं. "गाडी नीट झाली की हा कशाला येईल? मला ऐकू येत नाही गं. पण रविवारी तू हसतेस, ते दिसतं."

मग तो बोलला, गाडीशी बोलल्यासारखा.

"दर रविवारी ती खोकली की मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, पुढच्याही रविवारी यायचं. आणि मग त्याचीच लाज वाटायची. वाटायचं, माझ्याच मनात खोट आहे म्हणून हात चुकतोय." त्याने कपाळ पुसलं. काळा डाग पडला. "हात चुकत नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

"किती रविवार तुला माहीत होतं?"

मी आकडा सांगितला. अंदाजे नाही, बरोबर. मला दुसरं येत नाही. त्याने मान हलवली. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने गाडी शेवटची जुळवली. नळी आधी स्वतःच्या कानाला, मग माझ्या. पुढचा... मागचा... पुढचा. एकच श्वास. बाबांनी मडगार्डवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि ओरडले, "जुळली!"

त्याने बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी त्याचे दोन्ही खांदे धरले, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"रेघ मार," तो मला म्हणाला. "आरसा मी धरतो."

मी मारली. एका दमात, सरळ.

फाटकाशी तो थांबला. "थांब म्हण."

"म्हटलं तर थांबशील?"

"थांबेन."

"आणि मग दर रविवारी काय आठवेल तुला?"

त्याने फाटकाची कडी काढली. ते उत्तर होतं. 'थांब' म्हणणं म्हणजे तो नट आणखी एकदा फिरवणं, आणि या वेळी माझ्या हाताने. मला तो शब्द तोंडापर्यंत आलेला स्पष्ट आठवतो. मी तो गिळला.

"उद्या 'हो' सांग त्यांना," मी म्हटलं.

सुरुवातीला फोन यायचे. मग फोटो... लाल गाडी, हिरवी गाडी, हसणारी अनोळखी माणसं. मग नुसतंच 'गाडी कशी आहे?' परवा त्याने 'तुम्ही कसे आहात सगळे?' असं विचारलं. सगळे म्हणजे दोघं. त्याला माहीत आहे.

रविवारी मी बाबांना फिरवून आणते. त्यांना गाडीत पुन्हा बसवायचं होतं, ते झालं. सीट माझ्या मापाची आहे, पाय क्लचवर बरोबर पोचतो. बाबा शेजारी दारावर तळवा ठेवून बसतात, इंजिन ऐकत.

निघण्याआधी मी बॉनेट उघडते आणि आरसा खाली धरते.

"कशी आहे?" बाबा ओरडतात.

"जागेवर आहे, बाबा."

ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहतात. ओठ वाचतात, असं मी समजत होते. पण ते ओठ वाचत नाहीत. हसू शोधतात.

मी बॉनेट लावते.