अंगावर घेतलेला नवस

"दिवसातनं एकदाच जेवते म्हणं ही! आये, तू हिला उपाशी ठेवलंस?... माझ्या लेकराच्या जिवावर उठलीस तू!"

तळेगावच्या दवाखान्यात, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर स्वराज आईवर ओरडला, तेव्हा बाकावरची माणसं वळून बघू लागली. पण नंदाबाईंच्या काळजात लाजेला जागाच उरली नव्हती, तिथं नुसती भीती होती! सुनेच्या, कौमुदीच्या पोटातल्या सात महिन्यांच्या बाळाचं हृदय अधू आहे, हे आधीच कळलं होतं... आणि आज, ती एकदाच जेवते हे तिच्याकडून काढून घेतल्यावर, डॉक्टरीणबाई मायलेकांना म्हणाल्या होत्या, "बाळ धडपडून आपलं रक्त आधी मेंदूकडे वळवतंय. पण आईचंच हिमोग्लोबिन सातवर आलंय. असंच चाललं तर मेंदूलाही कमी पडेल."

मेंदूला कमी पडेल...

स्वराज रोज दुसऱ्या पाळीला कंपनीत. त्याला काय ठाऊक! महिन्यापूर्वी कौमुदी संध्याकाळची भाकरी गुपचूप म्हशीच्या गव्हाणीत टाकताना त्यांना सापडली होती. बाळाचं हृदय बरं व्हावं म्हणून बाळंत होईपर्यंत एकदाच जेवायचा नवस ती देवीला बोलली होती. रिकाम्या पोटी रक्ताच्या गोळ्याही उलटून पडत होत्या. "आई, कुणाला सांगाल तर बाळाची शपथ!" म्हणत तिनं सासूचा हात पोटावर धरला होता. ती शपथ मोडायची नंदाबाईंची छाती झाली नाही. आताही लेकाचे बोल खाली मान घालून ऐकताना त्यांनी ओठ घट्ट मिटले. नवस मोडला तर?... आणि नाही मोडला तर?

दार उघडलं. भिंतीला धरून बाहेर आलेल्या सुनेचे पांढरेफटक ओठ पाहिले मात्र, त्या माउलीचा बांध फुटला.

"व्हय, माझंच चुकलं! समदं ठावं असून मी गप ऱ्हायले. कौमुदी, तुझा नवस आजपासनं माझ्या अंगावर. मी जेवंन एकदाच. देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे, लेकरावर न्हाई!"

"आई, नको हो!..." कौमुदी हमसून हमसून रडू लागली. "अहो, आईंनी नाही उपाशी ठेवलं मला... मीच! मीच शपथ घातली होती त्यांना!"

स्वराज थिजला. मग भर दवाखान्यात आईच्या पायांशी बसला.

"ऊठ रं," त्याच्या केसांवरून हात फिरवत नंदाबाई म्हणाल्या, "आदी हिला खायला आण."

तो धावत जाऊन वरणभात घेऊन आला. नंदाबाईंनी एका हातानं कौमुदीचा हात धरून पहिला घास पुढं केला.

"आई, बाळाला काही होणार नाही ना?"

नंदाबाईंनी घास तिच्या तोंडात घातला आणि ती तो गिळेपर्यंत तिचा हात सोडला नाही.