निळा कंदील गुलाबी का झाला?

"मन्या, माझ्या कंदिलावर लिंबू पिळलंस ना तू?" जुई धाकट्या भावावर ओरडली.

"मी? आईशप्पथ नाही!" मनू म्हणाला, आणि एवढ्यानेही त्याला खोकल्याची उबळ आली.

गिरगावातल्या त्यांच्या चाळीत दिवाळीच्या सुट्टीतला पहिला उद्योग म्हणजे कंदील. यंदा जुईने दुकानातला रंग आणलाच नव्हता. गच्चीवरच्या गोकर्णाची फुलं उकळून तिने पांढरे कागद असे निळेशार रंगवले, की शेजारचा सिद्धार्थही, जो एरवी नाक मुरडण्यात पटाईत, गप्प झाला. आणि मागच्या खिडकीत टांगून एक दिवस होतो न होतो तोच कंदिलाची एक बाजू गुलाबी!

"या रंगाला आंबट लागलं की तो गुलाबी होतो. शाळेत केलंय आपण," जुई म्हणाली.

सिद्धार्थने कंदील फिरवून पाहिला. "पिळलं असतं तर डाग पडले असते. ही अख्खी बाजू सारखी आहे. हवेतूनच आलंय गं काहीतरी!"

जुई मनूकडे बघतच राहिली. त्याची खाट त्याच खिडकीखाली होती. बरेच दिवस तो खोकत होता आणि वर 'बर्फाचे गोळे खा अजून!' अशी बोलणीही खात होता. खोकला थांबेना म्हणून उद्या त्याला नाशिकला मावशीकडे धाडायचं ठरलं होतं. ऐन दिवाळीत! आपण त्याच्यावर ओरडलो याची तिला लाज वाटली.

तिघांनी उरलेल्या निळ्या कागदाच्या पट्ट्या कापून गॅलरीत, जिन्यात, मागच्या बोळात बांधल्या. दुपारी पाहिलं, तर रस्त्याकडच्या पट्ट्या निळ्याच. मागे जावं तसतशा गुलाबी होत गेलेल्या आणि तळमजल्यावरच्या खोलीच्या झरोक्यापाशी तर चक्क लाल! आत तोंडाला रुमाल बांधलेले दोन कारागीर खोटे दागिने ॲसिडमध्ये बुडवत होते. ही खोली चाळीचे सेक्रेटरी चिंतामणीकाका यांनी कोणालाही न विचारता भाड्याने दिली होती.

"उन्हाने रंग उडतो रे!" पट्ट्या दाखवल्या तेव्हा काका हसले. "सुट्टी लागली की यांना भुतं दिसतात."

"असेल काका," जुई साळसूदपणे म्हणाली. "मग ही नवी निळी पट्टी जरा त्या झरोक्याशी धरता? तिथे ऊन नाही."

काकांनी ऐटीत पट्टी धरली. तोवर जुईची आई आणि शेजारच्या आनंदीबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पट्टी गुलाबी होऊ लागली. काका काहीतरी बोलायला गेले आणि त्यांनाच ठसका लागला!

संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. मनूचं नाशिकही रद्द झालं. आनंदीबाईंनी तिघांना चकल्या दिल्या. "आम्ही मोठे नुसते बर्फाच्या गोळ्यांना नावं ठेवत बसलो. डोकं चालवलंत ते तुम्ही!"

"वाघ आहेत पोरं!" काकाही म्हणाले. "त्या दागिनेवाल्या मालकाला बजावलंय मी. उद्याच तो सामान मागच्या गल्लीतल्या चाळीत हलवतोय."

मनूने चकली खाली ठेवली. "मग तिकडे कोण खोकणार, काका?"

त्याने खालच्या खोलीच्या दिशेने बोट दाखवलं.

"आणि ते दोघं कारागीर तर दिवसभर आतच बसतात," तो हळूच म्हणाला.

काकांनी चपला पायात सरकवल्या.

"चला रे तिघंही," ते म्हणाले. "नुसती जागा बदलून भागायचं नाही. मालकाशी मी बोलतो. चुकलो, तर तुम्ही सांगा."