टेपवरचा खडखडाट

अम्मानच्या त्या खाजगी रुग्णालयात रोगी पेनिसिलिननं दगावला आणि संशयाचं बोट टायपिस्ट रुदैनाकडे वळलं. डॉक्टर टेपवर अहवाल बोलून ठेवत, ती तो टाईप करत असे. डॉक्टर जव्हादांच्या टेपवर ‘रोग्याला पेनिसिलिन चालत नाही’ असं स्पष्ट होतं. तिच्या अहवालात ते वाक्यच नव्हतं. तिला न्यायला पोलीस खाली उभे होते. तिच्या आईनं गुप्तहेर लमीस तवील यांना गाठलं.

लमीसबाईंनी टेप ऐकली. मध्येच भिंत फोडण्याचा खडखडाट होता. तेवढाच तुकडा त्यांनी पुन्हा ऐकला आणि रुदैनाच्या अहवालावर बोट फिरवलं.

“पोरगी अडकली,” त्यांचा मदतनीस अबू कैस म्हणाला. माजी हवालदार, निकाल आधी, चौकशी नंतर.

“कानावर पडलं तेच टाईप केलं, खाला,” रुदैना लमीसबाईंना मावशी मानून म्हणाली. “काम झाल्यावर टेप डॉक्टरांकडेच परत जाते.”

“ऐकूच आलं नाही तर?” लमीसबाईंनी विचारलं.

“कोरी जागा सोडते.”

“सोडते म्हणजे!” टायपिंग विभागाचे प्रमुख मुंतसिर कुरकुरले. “डॉक्टर शिंकले तरी हिची जागा कोरी! मग मी त्यांच्या मागे धावायचं, त्यांनी ती पेनानं भरायची. बाकी या अहवालातलेही हिचे आकडे नर्सच्या तक्त्याशी तंतोतंत जुळतात.”

डॉक्टर जव्हाद मृदू हसले. “मी न वाचता सही केली. विश्वास टाकला, हीच चूक.”

लमीसबाईंनी सर्वांसमोर तोच तुकडा लावला. “काय ऐकलंत, डॉक्टर?”

“या गोंगाटात? काहीच नाही.”

“अहवालात नेमकं याच जागी नाडी, रक्तदाब, सगळं टाईप केलेलं आहे. कोरी जागा नाही, पेनाची खूण नाही.”

“अंदाजानं भरलं असेल,” अबू कैस म्हणाला.

“आणि अंदाज तक्त्याशी जुळला? अबू कैस, मग तिला लॉटरी काढायला बसवा! हिनं ही टेप ऐकलेलीच नाही. ऐकली ती वेगळी होती, गोंगाट नसलेली. त्या टेपवर पेनिसिलिनचा उल्लेख नव्हता. रोगी गेल्यावर ही नवी भरली गेली. टेप परत कुणाकडे जाते? आणि हा आवाज कुणाचा आहे?”

जव्हादांचं हसू मावळलं. “रोगी सांगत होता, पेनिसिलिन चालत नाही म्हणून… मी लक्षच दिलं नाही.”

पोलीस वर आले. “पोरी, घरी जा,” लमीसबाई म्हणाल्या.

रुदैना जागची हलली नाही. “खाला, आधी वॉर्डात फोन लावा. या डॉक्टरांनी बाकीच्या रोग्यांना सांगितलेली आजची इंजेक्शनं आत्ता द्यायला घेतली असतील.”