हिल्माबाईंचं राखाडी पायपुसणं

डोळे मिटा बघू. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. दाराबाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि येणारा प्रत्येक जण तो पायांवरून थोडाथोडा घरात आणतो. दाराशी जाड पायपुसणं नसेल तर लाकडी जमीन वसंतापर्यंत कुजायची. म्हणून तिथे पायपुसणं पारखून घेतात. आलं डोळ्यांसमोर? मग आता सिर्काच्या मागोमाग चला.

सिर्का आणि तिचे बाबा तौनो पूर्व फिनलंडात एका तळ्याकाठी राहत. दोघंच. नोव्हेंबरात जुनं पायपुसणं विरलं, तेव्हा ती दोघं हिल्माबाईंकडे गेली. हिल्माबाई जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून मागावर पायपुसणी विणत.

"हे निळं कसं आहे?" तौनोंनी विचारलं.

"सुती आहे. दोन दिवसांत चिखल होईल त्याचा. ते राखाडी बघ. अस्सल लोकर. कितीही बर्फ पिईल."

"मळही दिसायचा नाही."

"मळ मुरतो, तौनो. दिसत नाही एवढंच."

त्या गावात एक रीत होती. पायपुसणं घेण्याआधी विचारायचं, हे कुणाच्या कपड्यांचं? रोज ज्याच्यावर पाय द्यायचा, त्याचं नाव तरी माहीत असावं. तौनोंनी विचारलं नाही. त्यांना तिथून लवकर निघायचं होतं.

सिर्काला मात्र राखाडीत एक मोहरीच्या रंगाची पट्टी दिसली. तो गळपट्टा तिच्या ओळखीचा होता. हिल्माबाईंच्या भावाचा, ओइवाकाकांचा. मासे धरायच्या जाळ्यांवरून बाबांचं आणि काकांचं भांडण झालं होतं. "माझ्या दारात पाय ठेवू नकोस," असं बाबांनी त्यांना चारचौघांत बजावलं होतं. मग गेल्या फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी, वादळात, दारावर तीन थापा पडल्या. सिर्का उठली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"वारा आहे. दूध पी."

सकाळी ओइवाकाका पायरीवर गोठलेले सापडले. बाबांनी गावाला सांगितलं, मला काही ऐकू आलं नाही. सिर्काला कुणी विचारलंच नाही.

राखाडी पायपुसणं दाराशी पडलं. चूल चार हातांवर धगधगत होती, तरी त्यावरचा बर्फ वितळेना.

"लोकर आहे. धरून ठेवते," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पायपुसण्याच्या पुढे जमिनीवर एक ओला ठसा होता. बुटाचा, आत येणारा. चौथ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी तीन.

"तुझेच असतील."

"माझे पाय एवढे मोठे कुठे आहेत, बाबा?"

बाबांनी फडकं आणून जमीन पुसली. त्या दिवसापासून ते दाराकडे पाठ करून जेवेनात.

शनिवारी त्यांनी पायपुसणं अंगणात नेलं, कोऱ्या बर्फावर पालथं घातलं आणि वेताच्या झोडणीने झोडपलं. असं केलं की मळ बर्फाला लागतो आणि उचलल्यावर खाली करडा चौकोन उरतो. सिर्काला तो बघायला आवडायचं.

बाबांनी पायपुसणं उचललं. खाली चौकोन नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेला माणूस उमटला होता.

बाबांनी तो ठसा पायांनी तुडवला. खूप वेळ तुडवला.

पायपुसणं आत आलं. दुपारी अडीचला बाहेर अंधारायला लागलं, तेव्हा बाबा एकदम उठले. त्यांनी ते पुन्हा उचललं.

"सौनाच्या भट्टीत जाळून येतो. हा आलोच."

अंगात नुसता सदरा, पायांत लोकरी मोजे. बाहेर उणे तीस. वाफेच्या अंघोळीचा सौना अंगणापलीकडेच तर होता.

दार त्यांच्यामागे लागलं. आतली कडी आपोआप खाली पडली.

सिर्काने वळून पाहिलं. पायपुसणं आपल्या जागी होतं. मोहरी पट्टी घराच्या बाजूला.

तीन थापा पडल्या.

"सिर्का. कडी पडली बघ. काढ बाळा."

सिर्का दाराशी गेली. कडी हलकी होती, एका बोटाने उचलली जायची.

"सिर्का, पाय बधिर झालेत गं."

तिने खाली पाहिलं. पायपुसण्यावरचा बर्फ आज पहिल्यांदाच वितळत होता. कडेने पाण्याचा बारीक ओघळ निघाला होता.

"वारा आहे," सिर्का पायपुसण्याला हळूच म्हणाली.

मग ती टेबलाशी परत गेली आणि तिने दोन पेल्यांत दूध ओतलं.