खळ्याखालची विहीर

दवाखान्यात गुलाबी, घरी निळं! निंबखोऱ्यात हे कोडं कुणालाच सुटेना.

शलाकाचा भाऊ निहार दोन महिन्यांचा होता. गेल्या तीन आठवड्यांत दोनदा त्याचे ओठ आणि नखं निळसर पडली होती. दोन्ही वेळा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, दोन-तीन दिवसांत पोर टवटवीत झालं, आणि घरी आणल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा तेच. डॉक्टरांना हृदयाची शंका आली. सोमवारी पुण्याला नेऊन तपासायचं, प्रसंगी शस्त्रक्रिया करायची, असं ठरलं होतं. एवढ्याशा जिवाची छाती फाडायची! आई बाळंतपणानंतर मोठ्या आजारातून नुकती उठली होती. तिच्या कडक औषधांमुळे बाळाला अंगावर पाजायला मनाई होती, म्हणून निहार पावडरच्या दुधावर वाढत होता.

दूध करायचं काम अप्पांचं. आणि काय सांगू तुम्हाला, लेकराला इतकं जपणारा बाप पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. विहिरीचं पाणी ते चार पदरी फडक्यातून गाळायचे आणि निम्मं होईपर्यंत उकळायचे. निहार पहिल्यांदा निळा पडल्यापासून तर तीन तांबे पाण्याचं एक तांब्या होईस्तोवर चुलीपुढून हलायचे नाहीत. “एक जंतू जगता कामा नये,” हे त्यांचं पालुपद.

ही गोष्ट बिनचालकाच्या गाड्या गावोगाव माल पोचवू लागल्या त्या काळातली. निंबखोऱ्यात खत आणायची ती सात नंबरची गाडी. सहा चाकं, मागे हौदा, पुढे माती आणि पाणी तपासणारी एक बारीक सुई. गाडी चांगली बोलायची, म्हणून लोकांनी तिचं नाव सातबा ठेवलं आणि ती ‘तो’ झाली.

सातबाचं अंग मोठं आणि डोंगराकडच्या वाटा अरुंद, त्यामुळे त्याला वरच्या शेतांत जाता येत नसे. पण ज्याचं खळं रस्त्याकडेला, त्यानं शेजाऱ्याचं खत उतरवायला नाही म्हणायचं नाही, हा तिथला शेजारधर्म. अप्पांचं खळं रस्त्याला लागून. वरच्या अंगाचे महिपततात्या आपलं कोंबडखत तिथेच उतरवून घेत. ताजं कोंबडखत गरम असतं, तसंच टाकलं तर पीक करपतं. म्हणून महिना-दीड महिना ढिगावर पाणी मारून ते थंड करायचं आणि मग पाट्यांनी वर न्यायचं. तोवर त्या वासानं घास घशाखाली उतरत नसे. माशांचं तर विचारूच नका! पण शेजाऱ्याला तोंडावर कसं बोलणार? अन् खळ्याच्या खाली, उतारावर वीस पावलांवर, शलाकाच्या घरची विहीर होती.

शनिवारी सकाळी सातबा नवी खेप घेऊन आला, तेव्हा शलाका खळ्याच्या कडेला बसून रडत होती. निहारचे ओठ तिसऱ्यांदा निळे दिसायला लागले होते.

“शलाका, काय झालं गं?” सातबानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं आणि डोळे पुसत म्हणाली, “दवाखान्यात बरा होतो, मग घरीच काय होतं त्याला?”

“दोन्ही ठिकाणी वेगळं काय आहे ते बघू. दूध तेच का?”

“तोच डबा. मीच पिशवीत घालून नेते.”

“आणि पाणी?”

शलाकाला आठवलं. पाणी दवाखान्यातलं! ती उठली, घरात पळाली आणि दोन पेले घेऊन आली. एकात विहिरीचं कच्चं पाणी, दुसऱ्यात अप्पांनी आटवलेलं. सातबानं दोन्हींत सुई बुडवली.

“यात नायट्रेट आहे. नायट्रेट म्हणजे खतातला पिकांना वाढवणारा एक क्षार (मिठासारखा पाण्यात विरघळून जाणारा पदार्थ). त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या एक लिटर पाण्यात तो पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नसावा. कच्च्या पाण्यात आहे एकशे चाळीस. उकळलेल्यात चारशेच्या वर.”

“काहीतरीच काय! उलटं सांगतोयस तू. उकळलेलं पाणी चांगलं असतं.”

“जंतूंच्या बाबतीत अगदी खरं. उकळल्यानं जंतू मरतात. पण मला सांग, आमटी चुलीवर जास्त वेळ राहिली तर काय होतं?”

“आटते. खारट होते.”

“मीठ वाढतं का?”

“नाही... पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं.” बोलता बोलता तिच्या लक्षात आलं. तीन तांब्यांतलं सगळं नायट्रेट एका तांब्यात! अप्पा जितकं जपत होते, तितकं ते वाढत होतं.

“पण आम्ही सगळेच हे पाणी पितो. आम्ही कुठे निळे पडतो?”

“तुमचं शरीर मोठं आहे, ते निभावून नेतं. पण हे पाणी तुमच्यासाठीही चांगलं नाहीच. आता नीट ऐक. रक्तात हिमोग्लोबिन असतं (प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ). ती रक्तातली मालगाडीच समज. पोटात गेल्यावर नायट्रेटचं नायट्राइट होतं (त्याचंच जास्त त्रासदायक रूप), आणि ते या गाडीचा हौदा बंद पाडतं. गाडी अंगभर फिरते, पण तिच्यात प्राणवायू चढतच नाही. मोठ्यांच्या रक्तात बिघडलेल्या गाड्या लगेच दुरुस्त होतात. तान्ह्या बाळात ते दुरुस्तीचं काम अजून नीट सुरूच झालेलं नसतं. म्हणून त्याचे ओठ निळे.”

“मग त्याचं हृदय...”

“ते डॉक्टरच सांगतील. पण त्यांना पाण्याचं कळलंच पाहिजे.”

शलाकानं मान वळवून ढिगाकडे पाहिलं. ढिगावर पाणी मारायची नळी तशीच पडली होती. ओलं खत, खाली मुरमाड जमीन, तिच्याखाली विहीर. पाणी मुरलं की त्याच्याबरोबर नायट्रेट खाली उतरणार. कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही.

“चौदा महिन्यांत एकतीस खेपा,” सातबा म्हणाला. “सगळ्या मीच उतरवल्या. रस्ता कुठे आहे ते मी बघितलं, सपाट जागा कुठे आहे ते बघितलं. विहीर कुठे आहे, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी मोठी चूक झाली, शलाका.”

घरात निहारच्या दुधाची वेळ झाली होती. ती धावत सुटली.

अप्पा चुलीपुढे होते. बाटलीत पावडर टाकून झाली होती. आई निहारला मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्याचा चेहरा पार राखाडी दिसत होता. शलाकानं अप्पांच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला आणि सगळं पाणी मोरीत ओतलं.

“डोकं फिरलंय का तुझं? पोरगं भुकेलंय!”

“अप्पा, पाण्यात खत उतरलंय. उकळून जात नाही ते, वाढतं! तांब्याभर पाण्यात तीन तांब्यांचं...”

अप्पा आधी चिडले, मग ऐकत गेले. “म्हणजे मी...” एवढंच म्हणाले आणि दोन्ही हातांकडे बघत राहिले. आईच कशीबशी उठली आणि तिनं रुग्णवाहिका बोलावली.

तालुक्याला डॉक्टरीणबाईंनी शलाकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग निहारच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घेतला. तो लाल नव्हता, चॉकलेटी होता. “सापडलं!” म्हणत त्यांनी औषध सुरू केलं. तासाभरात निहारचे ओठ गुलाबी झाले आणि त्यानं असा काही टाहो फोडला की आईला रडावं का हसावं तेच कळेना. नंतर हृदयही तपासलं, ते ठणठणीत होतं. पुण्याची खेप रद्द झाली.

दुसऱ्या दिवशी महिपततात्या दवाखान्यात आले आणि दारातच उभे राहिले. “माझ्या खतानं झालं म्हणे. तोंडानं एकदा बोलायचंस रे! ढीग हलवला नसता का मी?”

“तात्या, मलाच कुठे ठाऊक होतं?” अप्पा म्हणाले. “खत तुमचं, खळं माझं, अन् पाणी आटवणारा मीच. कुणाला नावं ठेवू?”

आठ दिवसांत गावानं विहिरींपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला सिमेंटचा ओटा बांधला, त्याला कडा केल्या, वर पत्रा घातला. खत तिथेच थंड व्हायचं, आणि निथळलेलं पाणी टाकीत साठवून पिकाला जायचं. शेवटी नायट्रेट पिकाचंच अन्न ना! विहीर मात्र लगेच निवळणार नव्हती. त्याला चार-पाच वर्षं लागतील, असं सातबानं स्पष्टच सांगितलं. तोवर पिण्याचं पाणी क्षार काढणाऱ्या केंद्रातून आणायचं आणि दर महिन्याला विहीर तपासायची. ते काम शलाकानं मागून घेतलं.

एवढ्यावर भागलं, असं तुम्हाला वाटेल. पण अप्पांना चैन पडेना. सातबाच्या वाटेवर अकरा वाड्या, आणि सगळीकडे हाच शेजारधर्म. एका सकाळी ते शलाकाला घेऊन सातबाबरोबर निघाले. पहिल्याच वाडीत खळ्यावर एक बाई उभी होती, सातवा महिना असावा. “टाका हितंच,” ती हसून म्हणाली. “शेजाऱ्याचं हाय, नाही कसं म्हणायचं?”

सातबा थांबला. त्यानं हौदा उचललाच नाही. “ताई, तुमची विहीर कुठे आहे?”

तिनं खळ्याच्या खालच्या अंगाला हात केला. अप्पा पुढे झाले. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, पण आयत्या वेळी त्यांतला एकही आठवेना.

“पोरी,” ते म्हणाले, “मी माझ्या लेकराला ह्या हातांनी विष पाजत होतो. उकळून, गाळून, जपून. तुझं अजून जन्माला यायचंय. जरा बस, सगळं सांगतो.”

ती बाई खळ्याच्या कडेला टेकली. अप्पा सांगायला लागले, आणि शलाका दुसरी जागा शोधायला, विहिरीपासून पावलं मोजत, उताराच्या दुसऱ्या अंगाला चालू लागली.